बिऱ्हाडाची बांधाबांध

जुन्या मराठी घरात सामान ठेवण्याची बरीचशी सोय भिंतींतच केलेली असे. जाड भिंतींत फडताळे, कोनाडे आणि देवळ्या, तुळयांना ठोकलेल्या खुंट्या, दूधदुभत्यासाठी आढ्याला टांगलेले शिंके, जमिनीत पुरलेले उखळ. धान्य पेवात किंवा बळदात राही. चूल मातीची, जमिनीशी एकजीव झालेली. घर सोडताना हे सगळे मागेच राही. नव्या घरात ते आयते मिळे किंवा नव्याने घडवावे लागे. माणसांबरोबर जात ती भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कपडे, देव, किडूकमिडूक दागिने आणि पुढच्या काही दिवसांची शिधासामग्री. पाट, चौरंग, एखादी घडवंची आणि पेटारा यांपलीकडे फर्निचर म्हणावे असे फारसे काही नसे. म्हणूनच एक मध्यम बिऱ्हाड एका बैलगाडीत मावे.

पुढच्या दीडदोनशे वर्षांत हे बिऱ्हाड जड होत गेले. त्याच काळात कधी लोक घरे सहज बदलत होते, तर कधी दोन-दोन पिढ्या एकाच खोलीत अडकून पडल्या. वाहनांमुळे हे बदल झाले असे वरवर वाटते. पण घरभाड्याचे कायदे, सरकारी नोकरी आणि साथीचे रोग यांनी मराठी कुटुंबाच्या घरबदलाला जितके वळण दिले, तितके कोणत्याही वाहनाने दिले नाही.

घर हलवण्याबद्दलचे सर्वांत जुने नियम अग्नी कसा न्यायचा याचे आहेत. अग्निहोत्र घेतलेल्या गृहस्थाने अग्नी अखंड राखायचा असतो. त्याला घरदार घेऊन दूर जायचे असेल तर तो अग्नीचा अरणींत समारोप करी, म्हणजे अग्नी त्या दोन लाकडांत शिरला असे मानून त्या जवळ ठेवी, आणि मुक्कामी अरणी घुसळून तो पुन्हा काढी. प्रवासाची अडचण ओळखून शास्त्राने काढलेली ही वाट मोठी व्यवहारी आहे. अग्निहोत्र पाळणारी घराणी थोडीच होती, पण देव आणि चूल यांची सोय आधी, बाकीचे मागाहून, हा क्रम सर्वसामान्य घरांतही टिकला. देवघर सर्वांत शेवटी आवरायचे. सकाळची पूजा झाल्यावर देव पेटीत किंवा ताम्हणात घेऊन घरातल्या कोणीतरी ते स्वतःच्या हातांनी न्यायचे, गाडीवर चढवायचे नाहीत, आणि नव्या जागेत पहिल्यांदा त्यांनाच बसवायचे. त्यांच्या जोडीला पाण्याने भरलेला कलश, मीठ, धान्य आणि दिवा. नव्या चुलीवर दूध तापवून ते उतू जाऊ देण्याची चाल आजही गॅसच्या शेगडीवर पाळली जाते.

या विधींतही घरमालक आणि बिऱ्हाडकरू यांतला फरक स्पष्ट होता. वास्तुशांत मालकाने करायची. त्या विधीत वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात, आणि दुसऱ्याच्या जमिनीत असे काही पुरण्याचा प्रश्नच नसतो. भाड्याने राहणारा गणेशपूजन करी, फार तर सत्यनारायण घाली. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० च्या जानेवारीत झाली आणि वास्तुशांत १७३२ च्या जानेवारीत. त्या वास्तुशांतीची नोंद इतिहासात राहिली. त्याच वर्षांत कोकणातून घाट चढून पुण्यात आलेल्या असंख्य कारकून, भिक्षुक आणि शिपाई कुटुंबांच्या बिऱ्हाडांची नोंद अर्थातच तशी राहिलेली नाही, पण पुण्याच्या पेठा भरल्या त्या त्यांनीच.

त्या काळी घाटातून गाडी जात नसे. सामान बैलांच्या पाठीवर, तट्टांवर किंवा हमालांच्या डोक्यावर चढवावे लागे. मोठ्या प्रमाणावर ओझी वाहण्याचा धंदा लमाणांच्या तांड्यांकडे होता. ते धान्य आणि मीठ वाहत आणि फौजांना रसद पुरवत. सामान्य कुटुंबाला एवढा लवाजमा परवडणारा नव्हता. त्यामुळे कोकणातून देशावर येणारे कुटुंब मुळातच फार थोडे घेऊन निघे. लोकांची ही हालचाल नेहमीच मनाजोगती होती असेही नाही. १७६३ मध्ये निजाम अलीची फौज पुण्यावर चालून आली तेव्हा शहर ओस पडले, लोक चीजवस्तू घेऊन सिंहगडासारख्या किल्ल्यांच्या आश्रयाला गेले, आणि मागे राहिलेली घरे लुटली व जाळली गेली. अशा प्रसंगी काय न्यायचे याचा निर्णय काही तासांत घ्यावा लागे. दागिने आणि कागदपत्रे बरोबर. जड भांडी आडात टाकायची किंवा परसात पुरायची.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुण्यातल्या अनेक सरदार-मानकऱ्यांची आमदनी आटली. मोठमोठे वाडे सांभाळणे कठीण झाले, आणि हळूहळू त्यांचे खण भाड्याने जाऊ लागले. एका वाड्यात चौक एक, विहीर किंवा हौद एक, आणि भोवती दोन-दोन, तीन-तीन खणांत राहणारी बिऱ्हाडे, ही रचना एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. शाळा-कॉलेजे आणि कचेऱ्या वाढल्या तशी शिक्षक, कारकून आणि शिकणाऱ्या मुलांची वर्दळही वाढली. भाड्याचा करार बहुधा तोंडी असे. मालकाशी बिनसले, पाण्याची अडचण झाली, कुटुंबात एक माणूस वाढले, की पुढच्या गल्लीतला वाडा पाहायचा. अंतर थोडे, सामान थोडे, त्यामुळे जागा बदलणे हा फार मोठा उपद्व्याप नव्हता.

त्याला काळवेळ मात्र पाहावी लागे. पंचांगात गृहप्रवेशाचे मुहूर्त दिलेले असत. साडेतीन मुहूर्तांपैकी एखादा साधला तर वेगळे पाहावे लागत नसे. चातुर्मास, पितृपक्ष आणि पौष महिना टाळत. या संकेतांना व्यवहाराचा आधार आहे. आषाढ ते आश्विन या काळात कच्चे रस्ते चिखलाने बंद होत, ओढेनाले उतार देत नसत, आणि कोकणच्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या समुद्रात जात नसत. भिजलेल्या गाद्या आणि धान्य सुकवायला ऊनही नसे. पावसाळ्यात घर हलवू नये, हे शास्त्राने सांगितले नसते तरी बैलगाडीने सांगितले असते.

या तयारीतली खरी कारागिरी बायकांची होती, आणि तिच्याकडे इतिहास लिहिणाऱ्यांनी फारच थोडे लक्ष दिले आहे. नव्या जागेत चूल आधी घालून ठेवावी लागे, कारण माती वाळल्याशिवाय तिच्यावर स्वयंपाक होत नसे. जमीन सारवून घ्यायची, भिंती पोतारायच्या, उंदरांची बिळे बुजवायची. इकडे जुन्या घरी डाळी आणि धान्ये निवडून, ऊन देऊन पोत्यांत भरायची. जात्याचा खुंटा काढून दोन्ही तळ्या वेगळ्या करायच्या. पाटा-वरवंटा गाडीत सगळ्यात खाली. हंडे, घंगाळे आणि पातेली एकात एक बसवायची आणि मधल्या पोकळीत चिंध्या, कपडे किंवा डाळ भरायची, म्हणजे जागाही वाचते आणि भांड्याला पोचा येत नाही. आरसा आणि तसबिरी गाद्यांच्या घडीत. चिनीमातीच्या बरण्या पेंढ्यात किंवा कोंड्यात.

बरण्यांचा प्रश्न सर्वांत अवघड होता. वर्षाचे लोणचे, मसाले, पापड आणि कुरडया चैत्र-वैशाखात होतात, आणि घर हलवण्याचा हंगामही नेमका तोच. ताज्या लोणच्याच्या तेलाने काठोकाठ भरलेली बरणी, तोंडाला घट्ट दादरा बांधून, बैलगाडीच्या हेलकाव्यांतून सुखरूप न्यायची म्हणजे ती मांडीवर घेऊनच बसावे लागे. शहाणी गृहिणी त्या वर्षी लोणचे नव्या घरीच घाली, किंवा कैऱ्या कापून मिठात मुरवून नेई आणि फोडणी तिकडे देई.

भांड्यांवर नावे घालून घेण्याची मराठी घरांतली चाल घर हलवताना उपयोगी पडे. तांब्या-पितळेच्या आणि पुढे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालणारा कारागीर छिन्नीच्या टोकाने बारीक ठिपके उमटवून नाव, प्रसंग आणि तारीख कोरून देई. लग्नकार्यात, शेजारी उसने देताना आणि घर बदलताना कोणते भांडे कोणाचे हे त्यामुळे कळे. जुन्या घरांतल्या भांड्यांवरच्या तारखा सलग वाचत गेले तर त्या कुटुंबाचा बराच इतिहास हाती लागतो. न्यायचे नाही ते आधीच निकालात काढले जाई. जुने कपडे देऊन बोहारणीकडून भांडी घ्यायची, मोडकी भांडी मोडीत घालायची, कागद रद्दीवाल्याला द्यायचे, वृंदावनातली तुळस डब्यात काढायची.

१८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि पुण्याहून मुंबईकडे जाणारी बिऱ्हाडे चाकांवर जाऊ लागली. घाट उतरून पनवेल, आणि पनवेलहून होडीने मुंबई. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा हा प्रवास तासांवर आला. रेल्वेने बिऱ्हाड बांधण्याची पद्धतच बदलली. बैलगाडीबरोबर घरचे माणूस असे, त्यामुळे सामान उघडे असले तरी चाले. रेल्वेत ते परक्या हातांत जाई. म्हणून पोती दाभणाने सुतळी ओवून शिवायची, भांड्यांच्या पेट्या गोणपाटात गुंडाळायच्या, पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव आणि गाव रंगवायचे, अंथरुणांची वळकटी पट्ट्यांनी आवळायची. जड सामान मालगाडीने जाई आणि पावती दाखवून मालधक्क्यावरून सोडवून घ्यावे लागे. ते कुटुंबाच्या मागाहून पोहोचे. त्यामुळे एक बोचके नेहमी वेगळे बांधलेले असे: कंदील, काडेपेटी, शेगडी, एक पातेले, तांदूळ-डाळ, चहा-साखर, आणि घरात लहान मूल असेल तर दुपटी. दक्षिण कोकणात हेच काम आगबोटीने होई. आगबोट बंदरापासून दूर उभी राही आणि माणसांसकट ट्रंका पडावात उतरवाव्या लागत. तिथे गाठोडे जितके लहान तितके बरे.

रेल्वेच्या आधीपासून, आणि रेल्वेनंतर जास्तच, घर हलवणारा एक मोठा वर्ग तयार झाला तो सरकारी नोकरांचा. मामलेदार, अव्वल कारकून, शिक्षक, फौजदार, पोस्टमास्तर या सर्वांच्या आयुष्याची विभागणी बदल्यांनी होत असे. इंग्रजी अमलातल्या सेवानियमांनी बदलीच्या नोकराला गाव बदलावे लागत असेल तर तयारीसाठी सहा दिवस आणि त्याखेरीज प्रत्यक्ष प्रवासाचा वेळ दिला. एका संसाराची बांधाबांध सहा दिवसांत व्हावी असे सरकारने गृहीत धरले होते. पगारी माणसाचा हिशेब या नियमाने झाला, पण त्या सहा दिवसांत घर आवरणाऱ्या बाईचे श्रम कोणत्याही नियमात आले नाहीत. बदलीच्या घरांत पुढे शहाणपण आले. मोठे लाकडी सामान घ्यायचेच नाही, खाट घडीची घ्यायची, रिकामी खोकी फेकायची नाहीत. एप्रिल-मे हा बदल्यांचा हंगाम ठरला, कारण शाळा जूनमध्ये सुरू होतात. बदल्यांबाबतच्या महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यानेही सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात असेच म्हटले.

मुंबई इलाख्याचे सरकार तर स्वतःच दरवर्षी बिऱ्हाड हलवी. उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे आणि थंडीत मुंबई असा गव्हर्नरचा आणि त्याच्या कचेरीचा फेरा असे. त्यांच्याबरोबर दप्तरे जात, कारकून जात, चपराशी जात, आणि मोसमापुरत्या भाड्याच्या खोल्या शोधत कारकुनांची कुटुंबेही ठिकठिकाणी विखुरत. १९५३ च्या नागपूर करारातून आलेले विधिमंडळाचे नागपूर अधिवेशन हा त्याच प्रकारचा फेरा आहे. डिसेंबर आला की मंत्रालयातल्या फायलींचे गठ्ठे बांधून नागपूरला रवाना होतात. एका कचेरीला थोड्या काळासाठी जागा बदलायला काय काय लागते, हे त्या काळात पाहायला मिळते.

घर सोडण्याचा सर्वांत कठोर अनुभव या भागाला प्लेगने दिला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात रोग ओळखला गेला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजार भरली. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटावी, ही गोष्टच किती घरे बंद झाली ते सांगते. १८९७ मध्ये पुण्यात साथ पोहोचली. घरांच्या झडत्या, संशयितांना विलगीकरणाच्या छावणीत नेणे, अंथरुणे आणि कपडे जाळणे, कौले काढून घरात ऊन सोडणे हे सर्व सुरू झाले. घरातून काय न्यायचे हे आता घरच्यांच्या हाती उरले नव्हते. देवघरात आणि माजघरात बूट घालून शिरलेल्या सोल्जरांबद्दलचा संताप किती खोल होता, ते २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावर झालेल्या गोळीबाराने दिसले.

प्लेग एका वर्षात संपला नाही. पुढे कितीतरी वर्षे तो हिवाळ्यात परत येई. घरात उंदीर मरून पडले की गावे रिकामी होत आणि माणसे शिवारात झोपड्या घालून राहत. सुरुवातीला घबराटीने झालेली ही पळापळ हळूहळू नेमाची तयारी झाली. बांबू, तट्टे आणि गवत आधी जमवून ठेवायचे, वाड्याला कुलूप लावायचे, मौल्यवान वस्तू जमिनीत किंवा नातेवाइकांकडे, आणि रानात फक्त रोजच्या वापरातली भांडी. तिथे शेजारही नवा लागे. गावातली आळी जातीने बांधलेली असे. रानातल्या झोपड्यांत ती घडी काही प्रमाणात विस्कटे. प्लेगने मुंबईचा नकाशाही बदलला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंगा भागात नव्या वसाहती आखल्या. गिरगावातले मध्यमवर्गीय कुटुंब हिंदू कॉलनीत जाऊ लागले ते यानंतर.

या सर्व काळात ज्यांचे बिऱ्हाड कधीच एका जागी नव्हते, त्यांची तयारी सर्वांत काटेकोर होती. पुणे, सातारा, सोलापूर भागातल्या दुष्काळी पट्ट्यातले मेंढपाळ धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरे घेऊन कोकणाकडे निघतात आणि पावसाआधी परततात. त्यांच्या तळाला वाडा म्हणतात. घोड्याच्या पाठीवर पाल, भांडी, पीठ, अंथरूण, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरे लादलेली असतात, आणि ते लादणे-उतरवणे बायकाच करतात. पुरुष मेंढरांबरोबर आधी निघून जातात. घोडा वाहू शकेल एवढाच संसार, ही मर्यादा ठरलेली. ऊसतोड कामगारांचे जाणेही हंगामीच, पण त्याचे कारण वेगळे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसऱ्यानंतर मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी साखर कारखान्यांच्या भागात जातात. पूर्वी बैलगाडीत, आता ट्रक-ट्रॅक्टरमध्ये, पाच-सहा महिन्यांचे धान्य, भांडी आणि कोपी उभारायचे सामान घेऊन. जायचे की नाही हे उचलीने आधीच ठरवलेले असते. एका घोड्यावर मावणारा धनगराचा संसार ही त्याच्या व्यवसायाची शिस्त आहे. ट्रकच्या हौद्यात मावणारा ऊसतोड्याचा संसार ही गरिबी आहे. दोन्हींना एकाच भटकेपणात मोजणे चूक ठरेल.

मुंबईत बिऱ्हाडाचा अर्थ खोली असा झाला. गिरण्यांभोवती चाळी उठल्या. गावाहून आलेला पुरुष आधी खानावळीत किंवा गाववाल्यांच्या गाळ्यात ट्रंक ठेवून राही. बायकामुले मागाहून येत. १९२० मध्ये सरकारने स्थापलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. इतक्या जागेत सामान मावायचे म्हणजे ते वर चढवावे लागे, म्हणून दरवाजावर आणि भिंतीलगत फळ्या आल्या, पोटमाळे आले.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा १९१८ मध्ये मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच वेळ आली, आणि १९४७ च्या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. कोर्टात ठराविक कारणे सिद्ध केल्याशिवाय भाडेकरूला काढता येईना, आणि त्याच्यामागे त्याच्या कुटुंबालाही खोलीचा हक्क मिळाला. लाखो लोकांना याने डोक्यावरचे छप्पर दिले, हे आधी सांगितले पाहिजे. पण घर बदलण्याची सवय याच कायद्याने मोडली. नव्या खोलीसाठी पागडी द्यावी लागे, ती कायद्याने गुन्हा होती आणि सगळीकडे चालू होती. जुनी खोली सोडली की तसले भाडे पुन्हा मिळणे नव्हते. मग मुलाचे लग्न त्याच खोलीत, नातवंडे त्याच खोलीत. पुण्यातल्या वाड्यांतही हेच झाले. भाडे दुरुस्तीलाही पुरेना म्हणून मालकाने वाडा मोडकळीला येऊ दिला, आणि बिऱ्हाडकरू गळणाऱ्या कौलांखाली हक्क धरून राहिला. एकोणिसाव्या शतकात सहज जागा बदलणारा मध्यमवर्ग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातला सर्वांत स्थिर वर्ग झाला.

ज्या वर्षांत शहरातली माणसे अशी जागच्या जागी खिळली, त्याच वर्षांत खेड्यातली अख्खी गावे उठली. १९२१ मध्ये मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्याचे नेते होते. तो यशस्वी झाला नाही. स्वातंत्र्यानंतर कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांतली माणसे सांगली, सोलापूरपासून ठाणे, कुलाबा जिल्ह्यांपर्यंत विखुरली. या घरबदलात सामानाचा अर्थच वेगळा होता. लोकांनी घरे उतरवली: वासे, तुळया, कौले, चौकटी सोडवून बरोबर नेल्या. ग्रामदैवते हलवली. जमीन, स्मशान, पाणवठा आणि भावकी यांतले काहीच बांधून नेता येत नव्हते. पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ मध्ये झाला. मुळशीला त्या वेळी पन्नासहून अधिक वर्षे होऊन गेली होती. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतल्या हजारो कुटुंबांना तर बांधाबांधीची संधीही मिळाली नाही. पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. जुने पुणे पेठांबाहेर वेगाने पसरले त्यात या सक्तीच्या स्थलांतराचा वाटा मोठा आहे.

बिऱ्हाडाचे वजन वाढले तेही याच सुमारास. चाळीत आणि ब्लॉकमध्ये भिंती पातळ. फडताळाला जागा नाही. भिंतीतले कपाट बाहेर आले आणि लोखंडाचे झाले. गोदरेजने पोलादी कपाटे १९२३ मध्ये बनवायला सुरुवात केली आणि काही दशकांत आरसा लावलेले ‘गोदरेजचे कपाट’ लग्नाच्या आहेरात येऊन बसले. पाठोपाठ पलंग, डायनिंग टेबल, फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन. त्यांतले कपाट हलवणे हीच एक विद्या होती. चाळीच्या अरुंद, वळणाच्या जिन्यावरून ते पाठीवर घेऊन उतरणारा हमाल डोक्याला चुंबळ आणि खांद्यावर दोर एवढ्याच हत्याराने काम करी, आणि वळणावर कपाट किती कलते करायचे हे त्याला न मोजता कळे. त्याच्या मानेचे आणि कण्याचे काय होते याची दखल घ्यायला बराच उशीर झाला. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीतून, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी संघटनेतून हा प्रश्न लावून धरला, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. तो बाजारपेठा आणि गोदामांतल्या कामाला लागू झाला. घरोघरचे सामान उचलणारा सुटा मजूर मात्र बव्हंशी त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

बैलगाडीची जागा शहरात आधी हातगाडीने आणि मग टेम्पोने घेतली. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीची तीनचाकी इतकी रुळली की पुढे कोणत्याही मालवाहू लहान गाडीला टेम्पोच म्हटले जाऊ लागले. नंतर मॅटाडोर आली, आणि २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे लोकांचा ‘छोटा हत्ती’. टेम्पोवाल्याशी ठरवताना अंतर आणि मजले या दोनच गोष्टींवर घासाघीस होते. लिफ्ट आहे का, हा पहिला प्रश्न. गेल्या तीसेक वर्षांत खोकी, चिकटपट्ट्या आणि फुग्यांचे प्लास्टिक घेऊन येणारे पॅकर्स अँड मूव्हर्स शहरांत आले. पूर्वी घरातल्या बाईकडे असलेले बांधाबांधीचे ज्ञान आता बऱ्याच अंशी विकत मिळते.

त्याच्या जागी कागदांचे काम वाढले. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले तेव्हापासून रेशनकार्ड ही घराच्या पत्त्याची मुख्य खूण झाली. जागा बदलली की जुन्या दुकानातून नाव कमी करून नव्या दुकानाला जोडायचे. मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, गॅसची जोडणी, मतदारयादी, वीजमीटर, पुढे आधार आणि बँक. सामान एका दिवसात पोहोचते. कागद पोहोचायला महिने जातात.

भाडेकरू पुन्हा हलता झाला तोही कायद्याच्याच वाटेने. भाडेकरूचे संरक्षण टाळण्यासाठी मालकांनी लिव्ह अँड लायसन्सचा मार्ग धरला होता. १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा करारावर राहत असलेल्यांना सरकारने भाडेकरूचा दर्जा दिला, तेव्हा मालक अधिकच सावध झाले आणि अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा घट्ट झाली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने एकीकडे पागडी वैध केली, दुसरीकडे मुदत संपलेल्या लायसन्सधारकाला लवकर बाहेर काढण्याची तजवीज केली. आज शहरात भाड्याने राहणारे कुटुंब अकरा महिन्यांचे गणित डोक्यात ठेवूनच पडदे शिवते.

१९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातल्या अनेक कुटुंबांनी खोल्या सोडल्या. कोणी कोकणात परतले, कोणी डोंबिवली, बदलापूर, विरारकडे गेले. उरलेल्यांचे घर आता पुनर्विकासाने बदलते. यात एकाऐवजी दोनदा बिऱ्हाड हलते: आधी इमारत पाडण्यासाठी संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या जागेत, मग काही वर्षांनी नव्या घरात. पहिल्या वेळी किती सामान ठेवायचे हे ठरवणे सर्वांत अवघड, कारण मधला काळ करारात लिहिलेलाच राहील याची खात्री नसते. मुंबईत मोडकळीला आलेल्या इमारतींमधली काही कुटुंबे संक्रमण शिबिरांत कित्येक दशके राहिली आहेत. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांसाठी जमवलेले पोटमाळ्यावरचे सामान, घडीच्या खाटा आणि फळ्या तिथे नेमक्या बसत नाहीत. त्यामुळे या वेळच्या तयारीत नेण्यापेक्षा टाकण्याचीच यादी मोठी होते, आणि नव्या घराच्या भिंतींत सुतार पुन्हा कपाटे बसवू लागला आहे.